उरलेल्या विजेचे काय करायचे? बंब, बॅटरी आणि लाइट बिल

नरकचतुर्दशीला सूर्य उगवण्यापूर्वी अभ्यंगस्नान झाले पाहिजे, हा नियम बडोद्यातल्या आपल्या घरांनी कधी सोडला नाही. पूर्वी दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातल्या वाड्यांत त्यासाठी पहाटे तांब्याचा बंब पेटायचा. मग गॅस गीझर आला. आता त्याच कुटुंबांच्या अगाशीवर सोलर पॅनेल दिसू लागले आहेत, आणि दिवाळीपासून उत्तरायणापर्यंत सभासदांकडून एकच प्रश्न वारंवार येतो: "लाइट बिलात युनिटे शिल्लक दिसतात. वीज कंपनी त्याचे किरकोळ पैसे देते. मग त्या विजेवर पाणी तापवावे का? की सरळ बॅटरी घ्यावी?"

प्रश्न योग्य आहे, पण त्याची उत्तरे चारी दिशांनी येतात. पुण्याचे नातेवाईक एक सांगतात, मेलबर्नचा मुलगा दुसरे सांगतो आणि बॅटरी विकणारा तिसरेच. प्रत्येकाचे म्हणणे त्याच्या गावात खरे असते. बडोद्यातला हिशेब मात्र बडोद्याच्या मीटरवरच मांडावा लागतो. तो इथे मांडत आहोत.

आमचे मत आधीच सांगतो. आजच्या नियमांत बहुतेक घरांना उरलेल्या विजेसाठी बॅटरी घेण्याची गरज नाही. कोणते खास यंत्रही बसवायला नको. ज्यांच्याकडे हिवाळ्यात युनिटे खरोखर उरतात आणि तरीही अंघोळीचे पाणी गॅसवर तापते, त्यांनी ते पाणी विजेवर आणावे. पाणी किती वाजता तापवता याला आज महत्त्व नाही. ते कशावर तापवता याला आहे.

मीटर आधी काय करते ते पाहू

अगाशीवर 3 किलोवॉटचे पॅनेल असतील तर स्वच्छ उन्हाच्या दिवशी साधारण 11-12 युनिट वीज तयार होते. त्यातली घरात लागेल तेवढी घर वापरते आणि उरलेली तारेवरून बाहेर जाते. रात्री आपण तारेवरून वीज घेतो. नेट मीटर दोन्ही मोजतो आणि बिलाच्या मुदतीत आत आलेली युनिटे बाहेर गेलेल्या युनिटांशी एकास एक वळती करतो. दुपारी एकला दिलेले युनिट रात्री नऊला जसेच्या तसे परत मिळते. म्हणजे वीज कंपनीची तार ही आपली बॅटरीच झाली, आणि तिला ना किंमत ना देखभाल.

ही वजावट झाल्यावरही युनिटे उरली, तरच ती कंपनीने विकत घेतली असे धरले जाते. सूर्य गुजरात योजनेत हा दर युनिटला 2.25 रुपये आहे. आपण कंपनीकडून घेतो ते युनिट मात्र इंधन अधिभार आणि वीजकर धरून सर्वसाधारण घराला 7 रुपयांच्या आसपास पडते. सगळा प्रश्न या दोन आकड्यांमधल्या अंतराचा आहे.

म्हणून "दुपारी वीज बाहेर जाते" आणि "वीज उरते" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुपारी बाहेर जाणारी बहुतेक वीज रात्री परत येते. खरी उरलेली वीज बिलाच्या शेवटी कळते, इन्व्हर्टरच्या मोबाइल ॲपवर नाही.

पुण्याचा हिशेब इथे लागत नाही, तो याच कारणाने. महाराष्ट्रात उरलेली युनिटे पुढच्या बिलात जमा होत जातात आणि त्यांचा शेवटचा हिशेब आर्थिक वर्षाच्या अखेरीस होतो. हिवाळ्यात शिल्लक पडलेले युनिट तिथे मार्चपर्यंत उपयोगी पडू शकते. आपल्याकडे ते त्याच बिलात 2.25 रुपयांना सुटते. मेलबर्नच्या मुलाचा सल्लाही त्याच्या जागी बरोबर आहे. तिथे बाहेर दिलेल्या विजेला फार कमी दर मिळतो आणि ती रात्रीच्या युनिटाशी वळती होत नाही. दुपारची वीज त्या क्षणीच घरात वापरणे तिथे फायद्याचे ठरते. म्हणून जास्तीची वीज आपोआप गीझरकडे वळवणारी उपकरणे तिकडे खपतात. बडोद्याच्या नेट मीटरवर असे उपकरण बसवून एका रुपयाचीही बचत होणार नाही, कारण तेच काम मीटर फुकट करतो आहे.

हिवाळ्यात वीज का उरते

एप्रिल-मेमध्ये बडोद्याच्या घरात एसी चालतो आणि पंखे रात्रभर फिरतात. त्या महिन्यांत पॅनेलची सगळी वीज घरच खाते, बऱ्याचदा तीही पुरत नाही. त्यामुळे उन्हाळ्यात उरलेल्या विजेचा विचार करण्याचे कारणच नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीत चित्र उलटते. आकाश स्वच्छ असते, थंड हवेत पॅनेल चांगले काम करतात आणि घरात एसी-पंखे बंद असतात. एक नमुना घर धरू. 3 किलोवॉटचे पॅनेल, दिवसाला 11 युनिट म्हणजे दोन महिन्यांच्या बिलात 660 युनिट. घराचा वापर दिवसाला 6 युनिट म्हणजे 360. वजावटीनंतर 300 युनिट उरली. 2.25 रुपयांनी त्यांचे 675 रुपये जमा झाले.

आता याच घरात चौघांच्या अंघोळीचे पाणी गॅस गीझरवर तापते असे समजा. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला 1.16 वॉट-तास ऊर्जा लागते. म्हणजे 100 लिटर पाणी 30 अंशांनी तापवायला साडेतीन युनिट. हिवाळ्यात चार माणसांच्या कुटुंबाची रोजची गरज ढोबळमानाने एवढीच असते. दोन महिन्यांत 210 युनिट झाली.

ही 210 युनिटे कंपनीला न देता गीझरला दिली तर आपण सोडतो साधारण 470 रुपये. तेवढीच उष्णता गॅसमधून घ्यायची तर? एक घनमीटर पाइप गॅसमध्ये सुमारे 10 युनिट उष्णता असते आणि गीझरमधून त्यातली 8 पाण्यात उतरते असे धरू. म्हणजे 26 घनमीटर गॅस लागेल. करासह घनमीटरला 50 रुपये धरले तर 1,300 रुपये. दोन महिन्यांत सुमारे 830 रुपये वाचले. असे थंडीचे दोन बिल धरले तर हिवाळ्याला 1,600-1,700 रुपये.

ही रक्कम फार मोठी नाही, हे आम्ही मान्य करतो. पण ती मिळवायला विशेष काही खर्च करावा लागत नाही. अनेक घरांत जुना 15 किंवा 25 लिटरचा विजेचा गीझर आजही न्हाणीघरात टांगलेला आहे. लाइट बिल वाढेल म्हणून तो बंद ठेवून गॅसचा बसवला होता, एवढेच. पॅनेल आल्यावर ते कारण हिवाळ्यापुरते संपले.

दुसरे कारण पैशापेक्षा मोठे आहे. बंद न्हाणीघरात लावलेला गॅस गीझर हवेतला प्राणवायू संपवतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार करू शकतो. या वायूला रंग नाही, वास नाही. थंडीत खिडकी लावून अंघोळ करताना माणूस बेशुद्ध होतो आणि बाहेर कोणाला पत्ता लागत नाही. अशा मृत्यूंच्या बातम्या देशात दर हिवाळ्यात येतात. आपल्या बडोद्यात पाइप गॅस फार लवकर आला, त्यामुळे गॅस गीझर आपल्याला घरातल्या माणसासारखा वाटतो. तरीही तो न्हाणीघराच्या आत असेल तर या हिवाळ्यातच बाहेर मोकळ्या हवेत काढून घ्या. पॅनेल असोत वा नसोत, हे करायलाच हवे.

उलट बाजूही सांगायला हवी. ज्यांच्या हिवाळ्याच्या बिलात युनिटे उरत नाहीत, त्यांना गीझरचे प्रत्येक युनिट 7 रुपयांना पडेल. वरच्या हिशेबाने गॅसवर तेवढीच उष्णता सव्वासहा रुपयांच्या आसपास मिळते. त्यांनी पैशासाठी बदल करण्यात अर्थ नाही. आणि जे आधीच विजेच्या गीझरवर अंघोळ करतात, त्यांचा फायदा बिलात होतोच आहे. त्यांनी काहीच बदलायचे नाही.

सौर बंब काढू नका

काही जुन्या बंगल्यांच्या अगाशीवर पाणी तापवणारा सौर बंब आहे. पॅनेल बसवणारा "तो काढा, जागा होईल" असे सुचवतो. घाई करू नये. 100 लिटरच्या सौर बंबाला साधारण 2 चौरस मीटर जागा लागते आणि चांगल्या उन्हात तो रोज तीन-साडेतीन युनिटांचे काम करतो. तेवढ्याच जागेत बसणारे वीज पॅनेल दिवसाला दीड-दोन युनिट देतील. पाणी तापवणे एवढेच काम असेल तर जागेच्या मानाने बंब दुप्पट कामाचा आहे. खाऱ्या पाण्याने नळ्या बुजल्या असतील तर साफ करून घ्याव्यात. टाकी गळत असेल आणि नवा घ्यायचा असेल तर सप्टेंबर 2025 पासून सौर बंबावरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला आहे, हे दुकानदाराच्या बिलात तपासा.

उरलेली वीज विकून कमाई होईल म्हणून गरजेपेक्षा जास्त पॅनेल बसवणे हाही तोट्याचा मार्ग आहे. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या 2 किलोवॉटला प्रत्येकी 30,000 आणि तिसऱ्याला 18,000 असे जास्तीत जास्त 78,000 रुपये अनुदान मिळते. 3 किलोवॉटच्या पुढे घरगुती अनुदान वाढत नाही. पुढचे पॅनेल पूर्ण आपल्या पैशाने घ्यायचे आणि त्यांची वीज सव्वादोन रुपयांनी द्यायची, हा सौदा करण्यासारखा नाही.

बॅटरी कोणी घ्यावी

बॅटरी विकताना सांगितले जाते की दिवसाची वीज साठवा, रात्री वापरा, बिल शून्य करा. ऐकायला पटते. पण रात्रीची युनिटे मीटरने आधीच वळती केलेली आहेत. बॅटरीने तेच काम पुन्हा केले तर बिलात फरक पडत नाही. उलट साठवताना आणि काढताना दहावा हिस्सा वीज वाया जाते. हिवाळ्यात वापरापेक्षा जास्त तयार झालेली वीजही बॅटरी वाचवू शकत नाही. ती आज भरली, रात्री रिकामी झाली, तरी महिन्याचे उत्पादन आणि महिन्याचा वापर तेवढाच राहतो. 5 युनिट साठवणारी लिथियम बॅटरी लाखाच्या घरात जाते, हायब्रिड इन्व्हर्टरचा खर्च वेगळा. सरकारी अनुदान पॅनेलच्या किलोवॉटवर मोजले जाते, बॅटरीसाठी त्यात वेगळी रक्कम नाही. तुलनेसाठी पाहा: 100 लिटर पाणी 25 अंशांवरून 60 अंशांवर नेले तर त्यात 4 युनिट साठतात, आणि त्यासाठी बॅटरीच्या किमतीचा लहानसा भाग पुरतो. अर्थात गरम पाण्याने दिवा लागत नाही.

आणि दिवा लागणे हेच बॅटरीचे खरे काम आहे. साधा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर तारेवरची वीज गेली की स्वतःही बंद होतो. तारेवर काम करणाऱ्या माणसाला आपल्या पॅनेलची वीज लागू नये म्हणून तो तसाच बनवलेला असतो. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले तेव्हा अनेक भागांत वीज बंद ठेवावी लागली. तेव्हा पुष्कळांना प्रथमच कळले की डोक्यावर पॅनेल असूनही घरात अंधार असू शकतो. ज्या घरात ऑक्सिजनचे यंत्र चालते, इन्सुलिन फ्रिजमध्ये आहे, किंवा वरच्या मजल्यावर एकटे वृद्ध राहतात, तिथे बॅटरीचा खर्च बिलाच्या बचतीत शोधू नये. औषधाच्या खर्चासारखा तो धरावा.

अशा घरांनीही आधी गरज मोजावी. दोन दिवे, दोन पंखे, फोन आणि राउटर एवढेच चालवायचे असेल तर पुष्कळांच्या घरी असलेला जुना इन्व्हर्टर आणि नवी बॅटरी पुरते. फ्रिज किंवा वैद्यकीय यंत्र रात्रभर चालवायचे असेल तर लिथियम बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टरचा विचार करावा. नेट मीटरच्या मांडणीत बदल होत असल्याने वीज कंपनीची परवानगीही घ्यावी. आणि बॅटरी तळमजल्यावर, जिन्याखाली बसवू नका. 2024 चा पूर घरात जिथवर आला होता, त्याच्या वरच तिची जागा हवी.

मोठ्या प्रमाणावर साठवण हे आमच्या मते गावाचे आणि वीज कंपनीचे काम आहे. आपल्याच राज्यात मोढेरा ऑक्टोबर 2022 मध्ये चोवीस तास सौरऊर्जेवर चालणारे गाव म्हणून जाहीर झाले. तिथे घरांवर छोटे पॅनेल आहेत, पण रात्रीसाठीची 15 मेगावॉट-तासांची बॅटरी सर्वांची मिळून आहे. प्रत्येक घराने आपापली बॅटरी सांभाळण्यापेक्षा ही रीत शहाणपणाची आहे.

हा हिशेब बदलू शकतो

वर मांडलेले सगळे नेट मीटर आज जसा चालतो त्यावर उभे आहे. तो कायम तसाच राहील असे समजू नये. दुपारी राज्यभर सौर वीज मुबलक असते आणि सूर्यास्तानंतर टंचाई होते. आपण दुपारी दिलेले स्वस्त युनिट कंपनी आपल्याला रात्री महागड्या युनिटाच्या बदल्यात परत देते. हा भार कोणीतरी उचलतो, आणि बहुधा ते पॅनेल नसलेले ग्राहक असतात. आपल्याच समाजात भाड्याच्या घरात, जुन्या वाड्याच्या एका खोलीत किंवा अगाशीवर हक्क नसलेल्या फ्लॅटमध्ये राहणारी किती कुटुंबे आहेत, हे आठवले तर हा प्रश्न परका वाटत नाही.

केंद्र सरकारने जून 2023 मध्ये ग्राहक हक्कांच्या नियमांत बदल करून वेळेनुसार वीजदराची दिशा ठरवली. दिवसा सूर्यप्रकाशाच्या तासांत दर नेहमीपेक्षा निदान 20 टक्के कमी आणि संध्याकाळच्या गर्दीच्या तासांत जास्त, असे त्याचे स्वरूप आहे. त्यासाठी स्मार्ट मीटर लागतो. मे 2024 मध्ये प्रीपेड स्मार्ट मीटरविरुद्ध बडोद्यात लोक रस्त्यावर आले होते, तो राग आपण सर्वांनी पाहिला. मीटरवर विश्वास बसल्याशिवाय असा दर लोक स्वीकारणार नाहीत. पण मीटर आज ना उद्या घड्याळ पाहू लागेल असे आम्हाला वाटते. त्या दिवशी दुपारचे युनिट रात्रीच्या युनिटाला एकास एक लागेलच असे नाही. मग दुपारी पाणी तापवून ठेवणे खरोखर फायद्याचे होईल, आणि बॅटरीचाही हिशेब नव्याने मांडावा लागेल.

म्हणून आज गीझर घ्यायचाच असेल तर उद्याचा विचार करून घ्यावा. लगेच पाणी देणाऱ्या छोट्या गीझरऐवजी साठवणीचा घ्यावा. त्यावरचे तारे पाणी तापवलेले किती वेळ गरम राहते यावरच दिलेले असतात, म्हणून पाच तारे पाहावेत. दुपारी तापवलेले पाणी पहाटे वापरायचे असेल तर हाच गुण कामाला येतो. 2 किलोवॉटचा घटक पुरतो, कारण 3 किलोवॉटचे पॅनेल हिवाळ्याच्या दुपारी तेवढे देऊ शकतात. थर्मोस्टॅट 60 अंशांवर ठेवावा. टायमरसाठी सोय करून ठेवावी, पण आज तो लावण्याची गरज नाही. आजच्या मीटरवर अंघोळीआधी अर्धा तास गीझर लावणेच बरे, कारण रात्रभरात थोडीफार उष्णता जातेच. जुन्या वाड्यांत राहणाऱ्यांनी आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग, 16 अँपिअरचा वेगळा पॉइंट आणि गळती दिसताच वीज तोडणारा स्विच तपासून घ्यावा. हे होईपर्यंत गीझर लावू नये.

सभासदांना आमची विनंती एवढीच. कोणाचाही सल्ला मानण्यापूर्वी, आमचाही, मागच्या वर्षातली सहा बिले टेबलावर मांडा. प्रत्येक बिलात आत आलेली युनिटे, बाहेर गेलेली युनिटे आणि वजावटीनंतरची शिल्लक हे तीन आकडे कागदावर लिहा. आपल्या करारातला खरेदीदर पाहा. शिल्लक फक्त दोन बिलांत दिसली, तर तुमचे उत्तर न्हाणीघरातल्या जुन्या गीझरमध्ये आहे. एकाही बिलात दिसली नाही, तर तुमचे पॅनेल अगदी मापात बसले आहेत आणि काही करायचे नाही. सहाही बिलांत दिसली, तर पॅनेल गरजेपेक्षा जास्त झाले आहेत. अशा वेळी स्वयंपाकाचा काही भाग इंडक्शनवर आणता येतो का, घरात विजेची स्कूटर येते का, ते पाहा. आकडे समजत नसतील तर बिले घेऊन मंडळात या. आपल्यातली निवृत्त वीज-इंजिनिअर मंडळी सोबत बसून वाचून देतील.

बंब पेटवणाऱ्या आजीला किती लाकडात किती पाणी तापते हे अचूक ठाऊक होते, आणि तिने एक ढलपी जास्त घातली नाही. आपल्याकडे मोजायला मीटर आहे. तो वाचायचा कंटाळा तेवढा सोडायला हवा.